पहिली नोकरी कुठली धरायची? हिंगोलीच्या पदवीधरासमोरचे रस्ते आणि त्यांचा हिशेब

शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो आणि प्रश्न सुरू होतात. लग्नात, पारावर, मोंढ्यात, एसटीत, जो भेटेल तो विचारतो, "मग, सध्या काय करायलास?"

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाची साधारण तीन उत्तरं ऐकू येतात. "पुण्याला चाललोय, कंपनीत." "इथंच एका ठिकाणी लागलोय." आणि "परीक्षेची तयारी करतोय." तिसऱ्या उत्तराला सगळ्यात जास्त मान मिळतो. पहिल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पॅकेज किती?" दुसऱ्या उत्तरावर बहुतेक जण नुसतं "हं" म्हणतात.

मान कशाला मिळतो आणि फायदा कशात आहे, या दोन गोष्टी दर वेळी जुळतातच असं नाही. म्हणून या तिन्ही रस्त्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघू. हातात किती पैसे राहतात, कागदावर काय मिळतं आणि दोन वर्षांनी तुम्ही कुठे असता, हे तीन प्रश्न प्रत्येक रस्त्याला विचारायचे.

हिंगोलीत हा प्रश्न जास्त अवघड का आहे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले जवळपास ८५ टक्के लोक खेड्यात राहत होते. जिल्ह्याचं पोट शेतीवर आहे. सोयाबीन, हळद, कापूस आणि वसमतच्या बाजूला ऊस.

इथल्या महाविद्यालयांमधून दरवर्षी बीए, बीकॉम, बीएस्सी होऊन मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांची पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची असते. पण पदवीधरांना पगारावर घेणारे मोठे कारखाने किंवा कार्यालयं जिल्ह्यात फारशी नाहीत. पुण्यातल्या मुलाला घरी राहून पाच मुलाखती देता येतात. सेनगावच्या मुलाला एका मुलाखतीसाठी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागतं आणि कुणाच्या तरी खोलीवर उतरावं लागतं. निवड करायची, तर आधी पर्याय दिसायला हवेत. इथे ते शोधण्यासाठीच पैसे लागतात.

हे चित्र एकट्या हिंगोलीचं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या 'स्टेट ऑफ वर्किंग इंडिया' अहवालात २५ वर्षांखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात असल्याचं म्हटलं होतं. त्याच अहवालानुसार ३५ वर्षांपुढच्या पदवीधरांमध्ये ते पाच टक्क्यांच्याही खाली येतं. म्हणजे काम आज ना उद्या बहुतेकांना मिळतं. ते कधी मिळतं, कसलं मिळतं आणि मधली वर्षं कशात जातात, हा खरा प्रश्न आहे.

'२ लाख ४० हजारांचं पॅकेज' म्हणजे हातात किती?

पहिली नोकरी बघताना सगळ्यात जास्त फसगत याच आकड्यात होते. पॅकेज म्हणजे सीटीसी. कंपनीला तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च. तुमच्या खात्यात येणारा पगार त्याहून कमी असतो.

एक उदाहरण घेऊ. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार. समजा यात मूळ वेतन १० हजार आहे. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, १,२०० रुपये यातूनच दाखवते. ग्रॅच्युइटीचे साधारण ४८० रुपये आणि ईएसआयसीचा कंपनीचा वाटा सुमारे ५८० रुपयेही त्यातच धरते. उरतात साधारण १७,७०० रुपये.

आता तुमच्या बाजूची कपात. पीएफ १,२००, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे सुमारे १३० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात येतात साधारण १६,२०० रुपये. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलींच्या हातात २०० रुपये जास्त पडतील. कंपनीगणिक रचना बदलते, पण २० हजार आणि १६ हजार यांच्यातलं अंतर असं तयार होतं.

कापलेले सगळे पैसे वाया जातात असं नाही. तुमचे १,२०० आणि कंपनीच्या वाट्यातले ३६७ असे १,५६७ रुपये दर महिन्याला तुमच्या पीएफ खात्यात जमा होतात. कंपनीच्या वाट्यातले उरलेले ८३३ रुपये पेन्शन योजनेत जातात. ईएसआयसीमुळे तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचारांचा आधार मिळतो. ही योजना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी आहे.

म्हणून मुलाखतीत विचारायचा प्रश्न "पॅकेज किती?" एवढाच नाही. "सर, इन-हँड किती येईल आणि पगाराची फोड मला लेखी मिळेल का?" असं विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. ज्या कंपनीत एचआर विभाग आहे, तिथे तो रोज विचारला जातो.

हिंगोलीत ११ हजार की पुण्यात १६ हजार?

समजा तुमच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक हिंगोलीतल्या एखाद्या एजन्सीत, पतसंस्थेत किंवा कृषी सेवा केंद्रात ११ हजारांची. दुसरी पुण्यातली, हातात १६,२०० देणारी. खाली दिलेले खर्च नमुन्यादाखल आहेत. तिथे तुमचे आकडे टाकून बघा.

पुण्यात:
- कॉट बेसिसवर खोली: ४,०००
- दोन वेळची मेस: ३,५००
- चहा-नाश्ता: १,२००
- कामावर जाणं-येणं: १,५००
- मोबाईल, साबण-तेल, औषधपाणी: १,५००
- गावी जाण्या-येण्याची महिन्याची सरासरी: १,०००

एकूण १२,७००. उरतात ३,५००. शिवाय सुरुवातीला खोलीचं डिपॉझिट आणि पहिला पगार होईपर्यंतचा महिना-दीड महिन्याचा खर्च घरूनच न्यावा लागतो.

हिंगोलीत घरूनच ये-जा केली तर पेट्रोल किंवा बसभाडं १,५०० आणि वरखर्च १,५००. उरतात ८,०००.

म्हणजे निव्वळ शिलकीत 'हं' म्हणून सोडून दिलेली नोकरी दुपटीहून पुढे आहे. वडिलांचं पीककर्ज थकलंय, धाकट्या बहिणीची फी भरायची आहे, घरात कुणी आजारी आहे, अशा वेळी ही शिल्लक फार मोठी असते. हा विचार करून गावाजवळ थांबणारा मुलगा मागे पडलेला नसतो. त्याने हिशेब केलेला असतो.

पण हिशेब इथे संपत नाही. याच दोन नोकऱ्यांना दुसरा प्रश्न विचारा. दोन वर्षांनी काय?

पुण्यातल्या नोकरीत दोन वर्षांत पीएफ खात्यात व्याज सोडून सुमारे ३७,६०० रुपये जमतील. अनुभवाचं प्रमाणपत्र असेल, बँकेत पगाराची नोंद असेल. कामाचं स्वरूप बरं असेल, तर दुसऱ्या कंपनीत जाण्याची संधीही असेल. हिंगोलीतल्या नोकरीत पगार रोख हातात येत असेल, पीएफ नसेल आणि काम दोन वर्षं तेच राहणार असेल, तर तिसऱ्या वर्षी तुम्ही होता तिथेच असाल.

उलटही होऊ शकतं. पुण्यात थर्ड पार्टी पेरोलवर सहा-सहा महिन्यांनी बदली होणारं पॅकिंगचं काम असेल आणि हिंगोलीत तुम्ही एका सीएच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न, टॅली, ऑडिट शिकत असाल, तर दोन वर्षांनी हिंगोलीतला मुलगा पुढे असेल. बीकॉम झालेल्याला दुसरी नोकरी मिळवून देणारं काम ते आहे.

त्यामुळे शहराचं नाव बाजूला ठेवून कामाकडे बघा. "इथे शिकलेलं काम मला दुसऱ्या कुठल्या मालकाकडे विकता येईल का?" उत्तर हो असेल, तर कमी शिल्लक सोसायला हरकत नाही. उत्तर नाही असेल, तर निदान पैसे तरी उरले पाहिजेत.

पहिली नोकरी चुकली तर आयुष्य चुकतं का?

नाही. पण ती सुधारायला वेळ लागतो आणि हालचाल करावी लागते.

कॅनडात मंदीच्या काळात पदवी घेतलेल्यांवर फिलिप ओरिओपोलस आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वाईट काळात बाहेर पडलेल्यांना सुरुवातीला सुमारे नऊ टक्के कमी कमाई मिळाली आणि ही तूट भरून निघायला जवळपास दहा वर्षं लागली. ती भरून काढण्यात मोठा वाटा नोकरी बदलण्याचा होता. त्यांनी लहान, कमी पगार देणारे मालक सोडले आणि चांगल्या कंपन्यांकडे सरकले.

कॅनडा आणि कळमनुरीत खूप फरक आहे. तरी एक गोष्ट इथेही लागू पडते. पहिली नोकरी कायमची नसते. दुसऱ्या नोकरीपर्यंत नेणारी पायरी म्हणून तिच्याकडे बघता येतं आणि तशी ती आहे का, हे आत शिरतानाच तपासता येतं.

परीक्षेची तयारी: वाट किती बघायची?

आता सगळ्यात नाजूक रस्ता. एमपीएससी, पोलीस भरती, जिल्हा परिषद, बँक, रेल्वे. हिंगोलीत सरकारी नोकरीची ओढ का आहे, हे समजावून सांगायची गरज नाही. पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या घरात दर महिन्याला येणारा पगार, बदली झाली तरी न जाणारी नोकरी, लग्नाच्या बाजारातली किंमत हे सगळं खरं आहे. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी पुण्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता. मुलांच्या लेखी सरकारी नोकरीची किंमत तिच्या पगाराहून कितीतरी मोठी असते.

पण दुसऱ्या बाजूचे आकडेही बघायला हवेत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १० लाख ४१ हजार. एका जागेमागे २२४ जण. यातले सगळेच मनापासून अभ्यास करणारे नसतात. अगदी दहातला एकच खरा स्पर्धक धरला, तरी एका जागेसाठी २२ जण उरतात. त्यातले २१ जण तेवढाच अभ्यास करूनही घरी परततात.

मंगल यांनी तामिळनाडूचाही अभ्यास केला आहे. तिथल्या सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक भरती थांबवली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं दुसऱ्या कामाला लागतील, असं वाटलं असतं. झालं उलटं. त्या काळात पदवीधर झालेली मुलं आणखी जास्त काळ घरी बसून अभ्यास करत राहिली. पुढे त्यांची कमाई इतरांपेक्षा कमी राहिली आणि स्वतंत्र संसार थाटायलाही उशीर झाला. वाट बघण्याची किंमत परीक्षा संपल्यावरही चुकवावी लागते, ती अशी.

आपल्या घरातली किंमत मोजू. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात राहून तयारी करायला खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तकं, फॉर्मची फी असे महिन्याला १० हजार धरले, तर दोन वर्षांचे २ लाख ४० हजार होतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने हे ४५ क्विंटल सोयाबीन झालं. एकरी आठ-दहा क्विंटल धरले तर पाचेक एकरांचं अख्खं पीक, तेही बियाणं, फवारणी, कापणीचा खर्च वजा न करता. आणि बाजारात हमीभाव मिळेलच असं नाही, हे मोंढ्यात माल घातलेल्या कुणालाही विचारा.

तयारी करूच नये, असा याचा अर्थ नाही. तयारीला तारीख असावी. राज्य सेवेत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत संधी आहे. ही सवलत मोठा आधार आहे, पण तिच्यामुळेच "अजून वय आहे" म्हणत एकेक वर्ष निघून जातं. पोलीस शिपाई भरतीत ही मर्यादा २८ आणि ३३ आहे, तिथे घड्याळ जास्त वेगाने चालतं.

तारीख ठरवायचा एक साधा मार्ग असा:

- सुरुवात करायच्या आधीच घरच्यांसमोर ठरवा की किती वर्षं आणि किती पैसे. दोन वर्षं म्हणजे कुठल्या महिन्यापर्यंत, हेही वहीत लिहा.
- सहा-सहा महिन्यांनी गुण तपासा. पूर्वपरीक्षेचं कट-ऑफ आणि तुमचे गुण यांतलं अंतर कमी होत असेल तर थांबा. तेवढंच राहत असेल तर घरच्यांशी बोला.
- पहिलं वर्ष पूर्ण वेळ आणि पुढे नोकरी करत तयारी, असाही रस्ता आहे. अभ्यासाला वेळ कमी मिळतो हे खरं, पण घरावरचा भार थांबतो आणि बायोडेटात रिकामी जागा राहत नाही.
- तयारीचा एक भाग बाहेरही चालेल असा ठेवा. टायपिंग, एमएससीआयटी, इंग्रजी, टॅली, एक्सेल.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. "अजून एक अटेम्प्ट दे" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं. पण थांबायचं आहे हे सांगायला पोराला जड जात असेल, तर याच वाक्याने ते आणखी जड होतं. तारीख आधी ठरलेली असली, की थांबणं म्हणजे हरणं वाटत नाही.

सरकारी योजनेतलं प्रशिक्षण म्हणजे नोकरी का?

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास उमेदवाराला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, नंतर पाच महिने वाढवून अकरा करण्यात आली. अनेक मुलं-मुली पंचायत समिती, शाळा, तहसील अशा कार्यालयांत या योजनेतून रुजू झाली.

कार्यालय सरकारी, खुर्ची सरकारी, म्हणून ही सरकारी नोकरीची पहिली पायरी आहे असा समज सहज होतो. तसं नाही. हे प्रशिक्षण आहे आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन सरकारवर नाही. १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसशिपचंही तसंच. तिथे तुम्ही कामगार नसून प्रशिक्षणार्थी असता आणि पीएफ लागू होत नाही.

मग घ्यावं का? घरीच बसून असाल तर जरूर. अकरा महिन्यांचं विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळतं, कार्यालयीन काम कळतं. फक्त पहिल्या दिवसापासून बारावा महिना डोळ्यांसमोर ठेवा. हातात कायम स्वरूपाची, पीएफ असलेली नोकरी असेल, तर ती सोडून याकडे येण्यात फायदा दिसत नाही.

पहिल्या नोकरीला १५ हजारांपर्यंत मदत

ही गोष्ट बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलेली नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत, ईपीएफओत पहिल्यांदाच नोंद होणाऱ्या कर्मचाऱ्याला एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५ हजार रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने काम केल्यावर. दुसरा बारा महिन्यांनी, आर्थिक साक्षरतेचा एक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नोकऱ्यांसाठी ही योजना आहे आणि महिन्याचा पगार एक लाखापर्यंत असावा लागतो.

म्हणजे पीएफ असलेली आणि नसलेली नोकरी यांत आता आणखी एक फरक पडला. "पीएफ कापू नका, हातात जास्त द्या" असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. रुजू होताना तुमचा यूएएन क्रमांक तयार झाला का, आधार आणि बँक खातं त्याला जोडलं का, हे विचारा. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक चालतो. दर वेळी पैसे काढून नवं खातं उघडायचं नसतं.

सही करण्याआधी कोणते कागद बघायचे?

*नेमणूक पत्र.* २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूक पत्र देण्याची तरतूद आहे. पद, पगाराची फोड, कामाचं ठिकाण, नोटीस पिरियड आणि प्रोबेशनची मुदत त्यात असायला हवी. "पत्र नंतर देऊ" असं कळलं, तर निदान व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर या गोष्टी मागून घ्या.

*मालक कोण?* गेटवरचं नाव मोठ्या कंपनीचं असतं आणि पगार देणारा ठेकेदार वेगळाच असतो. थर्ड पार्टी पेरोल बेकायदा नाही. पण तुमचा पगार आणि पीएफ कुणाच्या नावाने होणार, हे आधी माहीत हवं. नंतर तक्रार करायची झाली तर तेच नाव लागतं.

*मुदतीचा करार.* ठरावीक मुदतीसाठी घेतलेल्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. पूर्वी पाच वर्षांची अट होती.

*बाँड.* "बाँड कोर्टात टिकत नाही" असं मित्र सांगतात. हे अर्धवट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. दुसऱ्या बाजूला, नोकरी सोडल्यावर तुम्हाला कुठेच काम करू न देणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. रक्कम किती, मुदत किती आणि बदल्यात प्रशिक्षण काय, हे वाचूनच सही करा.

*मूळ कागदपत्रं.* दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत परत घ्या.

*पैसे.* नोकरीसाठी रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट, मेडिकल अशा नावाखाली कुणी आधी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

जिल्ह्यातल्या लहान दुकानात किंवा एजन्सीत यातलं सगळं मिळणार नाही. पीएफचा कायदा साधारण २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. पण तिथेही दोन गोष्टी मागता येतात. पगार बँक खात्यात आणि सोडताना अनुभवाचं पत्र. मालकाला यात फार तोशीस पडत नाही आणि तुमच्या पुढच्या मुलाखतीत हेच दोन कागद बोलतात.

मुलींसाठी हिशेब वेगळा असतो का?

आकडे तेच असतात, अटी वेगळ्या असतात. बऱ्याच घरांत मुलीला नोकरी लागते आणि चर्चा पगारावर न होता "राहणार कुठं, सोबत कोण, लग्नाचं काय" यावर होते.

अशा वेळी भांडणापेक्षा माहिती जास्त उपयोगी पडते. होस्टेलचा पत्ता, गावातली किंवा कॉलेजची तिथे राहणारी एखादी ताई, कंपनीची बस, शिफ्टची वेळ, हे सगळं घेऊन वडिलांसमोर बसलं तर बोलणं वेगळ्या वाटेने जातं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. रात्रपाळीसाठी महिलेची संमती लागते. हे मुलीला माहीत असावं आणि घरच्यांनाही.

थांबलं तर जिल्ह्यातच नोकऱ्या येतील का?

हा प्रश्न दोन कारणांनी विचारला जातो. एक, औंढा नागनाथ तालुक्यातला लायगो-इंडिया प्रकल्प. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत ती पूर्ण करण्याचं लक्ष्य आहे. दोन, हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभं राहत आहे.

दोन्ही गोष्टी जिल्ह्याच्या अभिमानाच्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर घरी बसण्यात अर्थ नाही. वेधशाळेत लागतात ते भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांतले लोक आणि त्यांची निवड देशपातळीवर होते. बीएस्सी करणाऱ्या मुलीने एमएस्सी फिजिक्सचा विचार करावा, इतकं सबळ कारण ते नक्कीच आहे. हळदीच्या बाजूला मात्र पदवीधराला आजही शिरता येतं. शेतकरी उत्पादक कंपन्या, गोदामं, प्रक्रिया उद्योग यांना हिशेब, दर्जा तपासणी, खरेदी-विक्री सांभाळणारी माणसं लागतात. पगार सुरुवातीला मोठा नसेल, पण हळदीचं पॉलिशिंग, ग्रेडिंग, करक्युमिनचं प्रमाण, बाजारभाव हे ज्याला कळतं, त्याला सांगलीपासून निजामाबादपर्यंत विचारणारे भेटतात. वर म्हटलेली 'दुसऱ्या मालकाकडे विकता येणारी' विद्या ती हीच.

मग ठरवायचं कसं?

एका कागदावर प्रत्येक पर्यायासमोर सहा उत्तरं लिहा:

१. हातात किती येणार आणि खर्च जाऊन किती उरणार?
२. पहिले दोन महिने चालवायला घरून किती लागणार आणि ते कुठून येणार?
३. पीएफ, बँकेतून पगार, नेमणूक पत्र यांपैकी काय मिळणार?
४. वर्षभरात कोणतं काम शिकणार, जे दुसरीकडे चालेल?
५. तिथे आधी लागलेला, ओळखीचा कुणी आहे का? तो दोन वर्षांनी कुठे आहे?
६. हे जमलं नाही तर कधी आणि कुठे वळणार?

पाचवा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे. कंपनीच्या वेबसाइटपेक्षा तिथे काम केलेल्या एका सीनियरशी दहा मिनिटं बोललात, तर जास्त कळेल. त्याला पॅकेज विचारू नका. "दादा, पगार वेळेवर होतो का? आणि तुझ्या बॅचचे किती जण अजून तिथे आहेत?" एवढंच विचारा.

संधी शोधायला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे आणि रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. मेळाव्यात गेलात तर ऑफर घ्या, पण सही करण्याआधी हा कागद भरा.

दोन पर्यायांत सगळं सारखं असेल, तर जिथे शिकायला जास्त मिळेल तिकडे जा. घराला पैशांची निकड असेल, तर जिथे जास्त उरेल तिकडे जा आणि त्याची लाज बाळगू नका. परीक्षाच द्यायची असेल, तर ती द्या. फक्त घरच्या कॅलेंडरवर शेवटच्या महिन्याभोवती आजच गोल करून ठेवा.